जामिनी रॉय : घराच्या भिंतीसाठी चित्रकला

१. प्रस्तावना

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात उत्पादन प्रक्रिया हा विषय शिकवतो. चित्रकला हा माझ्या पदवीचा विषय नव्हे. तरीही इतर विद्याशाखांच्या मुलांसाठी असलेल्या ऐच्छिक विषयात एक तास मी एका चित्रकाराला देतो. त्या तासाची सुरुवात एका प्रश्नाने होते : "तुमच्या घराच्या भिंतीवर काय काय टांगलेले आहे?" उत्तरे दरवर्षी जवळजवळ सारखीच येतात. घड्याळ, दिनदर्शिका, देवाची तसबीर, आजोबांचा हार घातलेला फोटो, दहावीचे प्रमाणपत्र. हाताने काढलेले चित्र आहे का, असे विचारले की साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन हात वर होतात, आणि त्यातले एखादे चित्र बहिणीने शाळेत काढलेले असते.

मग मी दुसरा प्रश्न विचारतो : "का नाही?" उत्तर एकच असते. "सर, चित्रे महाग असतात."

बंगालमधील चित्रकार जामिनी रॉय (१८८७–१९७२) यांनी या उत्तराचा आयुष्यभर विचार केला आणि त्यावर प्रत्यक्ष काम केले. साहित्य, पद्धत, किंमत आणि चित्रविषय या चारही बाबी त्यांनी अशा ठरवल्या की सामान्य माणसाला चित्र घरी नेता यावे. या पाठात आपण त्यांचे जीवन, त्यांची कार्यपद्धती आणि घरातील कलेविषयीचा त्यांचा विचार पाहू. त्या विचारात अडचण कुठे आली हेही शेवटी पाहू.

२. पार्श्वभूमी : चित्र घरात येण्याचे तीन मार्ग

चित्र विकत घेऊन घरात लावायचे तर ते साधारण तीन मार्गांनी येते.

पहिला मार्ग एकमेव चित्राचा. चित्रकार एकच चित्र काढतो, श्रीमंत माणूस ते विकत घेतो. संस्थानिकांच्या वाड्यांतील तैलचित्रे अशी आली.

दुसरा मार्ग छपाईचा. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछपाईचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभरातील देवघरांत पोहोचल्या. त्याआधी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू झाला होता. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत या दोन्ही ठिकाणची चित्रे अजून सापडतात.

तिसरा मार्ग हाताने पुन्हा पुन्हा काढलेल्या चित्रांचा, आणि छपाईपेक्षा तो जुना आहे. कोलकात्याच्या कालीघाट मंदिराभोवती एकोणिसाव्या शतकात पटुआ म्हणजे चित्रे काढणारे कारागीर बसत. गिरणीत तयार झालेल्या स्वस्त कागदावर ते जलरंगात झरझर देवादिकांची, बाबू लोकांची, मासा पकडलेल्या मांजराची चित्रे काढत. यात्रेकरू अगदी थोड्या पैशांत ती घरी नेत. एकच आकृती शेकडो वेळा काढल्यामुळे हाताला असे वळण पडे की खांद्यापासून मनगटापर्यंतची रेषा एका दमात उतरे. स्वस्त छापील चित्रे बाजारात आल्यावर हा धंदा बसला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जवळजवळ संपला होता.

जामिनी रॉय यांनी पहिल्या मार्गाचे शिक्षण घेतले, दुसरा मार्ग आजूबाजूला फोफावलेला पाहिला आणि तिसरा मार्ग निवडला.

३. जीवनाचा आढावा

जामिनी रॉय यांचा जन्म एप्रिल १८८७ मध्ये बांकुडा जिल्ह्यातील बेलियातोड या गावी, जमीनजुमला असलेल्या मध्यम स्थितीतील कुटुंबात झाला. हा परिसर हस्तकलांचा आहे. जवळच्या विष्णुपूरला मल्ल राजांनी बांधलेली पक्क्या मातीच्या शिल्पफलकांची मंदिरे आहेत. पांचमुडा गावचे कुंभार लांब मानेचे मातीचे घोडे करतात. विष्णुपूरला दशावताराचे गोल पत्तेही रंगवतात. आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा होतात, त्याच जातीचा हा प्रकार. लहानपणी रॉय यांनी हे सगळे पाहिले, आणि हे करणारी माणसेही पाहिली.

सोळा वर्षांच्या सुमारास ते कोलकात्याच्या सरकारी कला विद्यालयात दाखल झाले. तिथे युरोपीय पद्धतीचे काटेकोर शिक्षण मिळे : छायाप्रकाश, यथार्थदर्शन, तैलरंग. अवनींद्रनाथ टागोर त्या काळात तिथे उपप्राचार्य होते. १९०८ मध्ये रॉय यांनी पदविका मिळवली आणि पुढची काही वर्षे तैलरंगातील व्यक्तिचित्रांवर पोट भरले. युरोपातील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांच्या धर्तीची निसर्गचित्रेही त्यांनी काढली. त्यांचा हात उत्तम होता आणि कामेही मिळत होती.

१९२० च्या दशकात मात्र त्यांनी ही वाट हळूहळू सोडली. आधी संथाळ स्त्रियांची चित्रे आली. त्यांत छायाप्रकाश कमी झाला आणि बाह्यरेषा ठळक झाली. मग कालीघाटच्या पटांचा अभ्यास झाला. पुढे त्यांना वाटू लागले की कालीघाटची कलाही शहरात येऊन बदललेली आहे, म्हणून ते गावातल्या पटांकडे वळले. चाळिशीच्या आसपासच्या, घरसंसार असलेल्या माणसाने चालता व्यवसाय सोडून दिला होता. ही वर्षे पैशाच्या दृष्टीने ओढीची गेली.

१९३० च्या दशकाच्या मध्यात त्यांना एका अखिल भारतीय प्रदर्शनात व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात आलेले ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिक त्यांची चित्रे विकत घेऊन मायदेशी नेऊ लागले. १९४६ मध्ये लंडनला आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शने झाली, पण ते स्वतः कधी परदेशी गेले नाहीत. १९५४ मध्ये पद्मभूषण आणि १९५५ मध्ये ललित कला अकादमीची सदस्यवृत्ती त्यांना मिळाली. २४ एप्रिल १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

४. साहित्य आणि रंग

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा, कारण रॉय यांच्या विचाराचा पाया इथे आहे.

तैलचित्रासाठी लागणारे कॅनव्हास, रंगांच्या नळ्या, तेल, वॉर्निश हे साहित्य त्या काळी बहुतेक परदेशातून येई. त्यामुळे चित्राची किंमत चित्रकाराने हात लावण्याआधीच वाढलेली असे. रॉय यांनी हे साहित्य सोडले. कापड, पुठ्ठा, लाकडी फळी, विणलेली चटई अशा पृष्ठभागांवर ते काम करू लागले. पृष्ठभागाला माती, चुना, शेण अशा घरगुती वस्तूंचा लेप देऊन तो तयार करत. गावात भिंत सारवतात त्याचेच हे लहान रूप म्हणता येईल.

रंगाला दोन घटक लागतात : रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारा बंधक. रॉय यांचा एक महत्त्वाचा बंधक म्हणजे चिंचोक्याची खळ. चिंचोक्याच्या गरात पाण्यात फुगून चिकट होणारी बहुशर्करा असते. ती वाळली की पातळ, लवचिक थर तयार होतो. महाराष्ट्रात धनगर घोंगडीला हीच खळ देतात, त्यामुळे आपल्याला हा पदार्थ नवा नाही.

रंगद्रव्ये मोजकीच, मुख्यतः सात : गेरूसारखा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरवा, हिंगुळाचा लाल, कोळशाचा राखाडी, निळा आणि पांढरा. बाह्यरेषेसाठी दिव्याची काजळी. पांढऱ्यासाठी साधा खडू चाले.

खडूची एक गंमत पाहा. खडूची पूड तेलात कालवली तर ती जवळजवळ पारदर्शक होते, कारण खडूचा आणि तेलाचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा असतो. प्रकाश दोहोंच्या सीमेवर फारसा विखुरत नाही. तीच पूड पाण्यातल्या खळीत कालवली तर पाणी उडून गेल्यावर कणांच्या मध्ये हवा राहते. खडू आणि हवा यांच्या अपवर्तनांकात मोठा फरक असल्याने प्रकाश विखुरतो आणि रंग पांढराशुभ्र, अपारदर्शक दिसतो. म्हणजे तैलरंगात निरुपयोगी ठरणारा स्वस्त खडू खळीच्या रंगात उत्तम काम देतो. साहित्य बदलले की त्याबरोबर पद्धतही बदलावी लागते. रॉय यांनी दोन्ही एकदम बदलले.

या रंगाचा पृष्ठभाग चकाकत नाही. खिडकीतून तिरपा उजेड येणाऱ्या लहान खोलीत वॉर्निश लावलेले तैलचित्र एका बाजूने पाहिले तर नुसतेच चकाकते. मंद पृष्ठभागाचे चित्र कुठूनही दिसते. तोटाही सांगितला पाहिजे. खळीचा रंग पाण्याला भितो, दमट हवेत त्यावर बुरशी येऊ शकते आणि कसरीला तो आवडतो. कोकणातल्या किंवा बंगालमधल्या पावसाळ्यात असे चित्र सांभाळावे लागते.

५. रेषा, आकार आणि विषय

रॉय यांचे प्रौढ काळातले चित्र ओळखणे सोपे आहे. बदामी, कानाकडे खेचलेले मोठे डोळे, एका वळणात उतरलेली जाड काळी रेषा, सपाट रंग, आणि पार्श्वभूमीला एखादा रंग किंवा थोडे पानाफुलांचे नक्षीकाम. खोली नाही, सावली नाही. विषयही ओळखीचे : आई आणि मूल, गोपी, कृष्ण-बलराम, बाउल गायक, नगारा वाजवणारे, मांजर, गाय, घोडा. १९४० च्या दशकात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरही चित्रे काढली. ख्रिस्ती नसलेल्या या चित्रकाराचा येशू बंगालच्या पटातल्या माणसासारखाच दिसतो.

हे साधेपण अज्ञानातून आलेले नाही. यथार्थदर्शन येत असताना त्यांनी ते बाजूला ठेवले. माझ्या मते त्याचा घराशी थेट संबंध आहे. संग्रहालयात आपण चित्रासमोर उभे राहतो आणि त्याच्याकडेच बघतो. घरात आपण चित्रासमोरून दिवसातून वीस वेळा जातो : हातात कपबशी असते, मूल रडत असते, दिवा मंद असतो. अशा ठिकाणी बारीक तपशिलांचे चित्र दिसतच नाही. ठळक रेषेचे आणि मोजक्या रंगांचे चित्र मात्र दहा फुटांवरूनही भेटते.

६. घर हीच चित्रशाळा

बागबाजार हा उत्तर कोलकात्याचा जुना, गजबजलेला भाग. तिथल्या आपल्या घरात रॉय यांनी १९३१ मध्ये प्रदर्शन भरवले. कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी त्याचे उद्घाटन केले. खोल्यांची मांडणी पारंपरिक बंगाली घरासारखी होती. जमिनीवर आलपना म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, लहान दिवे आणि धूप. चित्र कोणत्या वातावरणात पाहायचे याचे उत्तर त्यांनी अशा रीतीने दिले होते.

१९४९ मध्ये ते दक्षिण कोलकात्यातील बालिगंज भागात स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेले. तिथेही राहणे, काम करणे, चित्रे मांडणे आणि विकणे एकाच छताखाली चाले. येणाऱ्याने चित्रे पाहावीत, आवडले तर घेऊन जावे. दरही असे की शिक्षकाला किंवा कारकुनाला विचार करता यावा. नाव देशभर झाल्यावरही बहुतेक चित्रे काही शे रुपयांच्या आतच मिळत.

हे परवडायचे कसे? इथे पुन्हा उत्पादन प्रक्रिया येते. रॉय एक रचना पक्की करत आणि मग तीच पुन्हा पुन्हा काढत. मुले आणि इतर साहाय्यक कामात मदत करत. पटुआ कुटुंबांत काम असेच चालते : एक जण रेषा काढतो, दुसरा रंग भरतो, तिसरा रंग वाटतो. त्या परंपरेत सही कोणाची हा प्रश्न उठत नाही, आणि रॉय यांनीही सहीला फार महत्त्व दिले नाही.

७. घरातील कलेविषयीचा विचार

त्यांच्या आचरणातून आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांच्या नोंदींतून त्यांच्या विचाराचे चार मुद्दे काढता येतात.

• चित्र हा श्रीमंतांचा दागिना नाही. ते मडके, चटई, आलपना यांच्यासारखे घरातले आहे. गावात सुंदर वस्तू आणि उपयोगी वस्तू अशी फारकत नसते, ती शहरात येऊ नये.
• चित्र समजण्यासाठी पाहणारा आणि काढणारा यांच्यात सामाईक कथा असावी लागते. कृष्ण कोण हे घरातल्या आजीला माहीत आहे. म्हणून कृष्णाचे चित्र तिच्याशी बोलते. समाज सामाईक कथेत जगत असेल तरच लोककला जिवंत राहते, असे ते मानत.
• साहित्य जवळचे असावे. दूरचे, महाग साहित्य वापरून लोकांसाठी कला करतो म्हणणे हा विरोधाभास आहे.
• एकमेवपणा हे चित्राचे मोठेपण नाही. चांगली रचना दहा घरांत गेली तर ती दहापट उपयोगी पडली.

चौथा मुद्दा अभियंत्याला पटकन पटतो. आपण चांगल्या पंपाची किंवा चांगल्या खुर्चीची किंमत ती एकच आहे म्हणून ठरवत नाही. मग माझे विद्यार्थी विचारतात की एवढेच असेल तर छापायचे का नाही? प्रश्न बरोबर आहे. मला सुचणारे उत्तर असे. छापील प्रतीत पहिल्या रेषेनंतर हाताचे काम संपते. रॉय यांच्या पद्धतीत प्रत्येक प्रत पुन्हा काढली जाते, म्हणून दोन प्रतींत थोडा फरक राहतो. शिवाय घरात येते ते माणसाचे काम, आणि त्यातून आणखी काही माणसांना काम मिळते. कालीघाटचा पटुआ छपाईमुळे बसला होता. त्याच्याकडून शिकलेल्या माणसाला ते विसरणे अवघड गेले असेल.

८. आक्षेप आणि परिणाम

या विचारावर त्या काळीही टीका झाली. पुनरावृत्तीमुळे चित्रे साचेबद्ध झाली, हा एक आक्षेप. शहरात राहून गावाची कला करणे ही एक प्रकारची नक्कल आहे, हा दुसरा. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. शेकडो प्रतींत काही थकलेल्या दिसतात. दुसऱ्याविषयी म्हणता येईल की रॉय यांनी आपण पटुआ असल्याचा आव आणला नाही. शिकलेल्या चित्रकाराने पटुआकडून काय घ्यावे, हा त्यांचा शोध होता.

तिसरा परिणाम त्यांच्या निधनानंतरचा आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याखाली १९७६ मध्ये त्यांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरली. अवनींद्रनाथ, नंदलाल बोस, अमृता शेरगिल, रवि वर्मा यांसारख्या मोजक्या चित्रकारांना हा दर्जा आहे. अशी चित्रे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. लिलावात त्यांच्या चित्रांना आज लाखो रुपये मिळतात. कारकुनाच्या भिंतीसाठी काढलेले चित्र आता कारकुनाला विमा उतरवूनही घरात ठेवता येणार नाही.

त्यातच भर म्हणजे अस्सल-नकलीचा गोंधळ. सहीला महत्त्व नाही, प्रती अनेक, मदतीला अनेक हात, या तीन गोष्टींमुळे रॉय यांच्या नावावर खोटी चित्रे खपवणे सोपे झाले. त्यांनी ज्याला दुय्यम मानले, त्या "हे नक्की कोणाच्या हातचे?" याच प्रश्नावर आज सगळी किंमत ठरते.

म्हणून त्यांचा प्रयोग फसला का? मला तसे वाटत नाही. फसला तो बाजाराशी असलेला हिशेब. चित्रकार स्वतः हयात असेपर्यंत दर खाली ठेवू शकतो, नंतर ते त्याच्या हातात राहत नाही. पण देशी साहित्यात, कमी खर्चात, मोठ्या गुणवत्तेचे काम होऊ शकते हे त्यांनी तीस-चाळीस वर्षे रोज करून दाखवले.

९. आपल्यासाठी

तासाच्या शेवटी मी मुलांना एवढेच सांगतो. रॉय यांचे मूळ चित्र तुम्हाला विकत घेता येणार नाही. ते पाहायला दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जा, तिथे त्यांचा मोठा संग्रह आहे. पण तुमच्या जिल्ह्यात आज काम करणारा कोणीतरी आहे. वारली चित्रे काढणारा, चित्रकथीच्या परंपरेतला पिंगुळीचा कलाकार, मधुबनीची एखादी बाई, ओडिशातल्या रघुराजपूरचा पटचित्रकार, किंवा कला महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला तुमच्याच वयाचा मुलगा. त्यांच्या लहान चित्राची किंमत बऱ्याचदा एका जोडी बुटांपेक्षा कमी असते. "चित्रे महाग असतात" हे वाक्य बोलण्याआधी एकदा किंमत विचारून पाहा.

मागे एका विद्यार्थ्याने पहिल्या पगारातून आईसाठी हाताने काढलेले गाईचे चित्र घेतले. आई म्हणाली, "एवढ्या पैशात मिक्सर आला असता." चित्र मात्र तिने स्वयंपाकघरातच लावले, मिक्सरसाठी ठेवलेल्या जागेच्या वर.

१०. सारांश

• जामिनी रॉय यांनी युरोपीय पद्धतीचे शिक्षण घेऊन १९२० च्या दशकात बंगालच्या पटचित्रांची वाट धरली.
• देशी साहित्य, मोजके रंग, ठळक रेषा आणि पुनरावृत्ती यांमुळे चित्राची किंमत सामान्य घराच्या आवाक्यात राहिली.
• चित्र घरातले असावे, साहित्य जवळचे असावे आणि चांगली रचना अनेक घरांत जावी, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.
• निधनानंतर कायद्याचे संरक्षण आणि बाजारभाव यांमुळे तीच चित्रे घरांतून तिजोरीत गेली.

११. स्वाध्याय

१. खडू तेलात पारदर्शक आणि खळीत अपारदर्शक का दिसतो, ते आकृती काढून स्पष्ट करा.
२. रवि वर्मा यांचा छापखाना आणि जामिनी रॉय यांची कार्यशाळा यांची साहित्य, श्रम, किंमत आणि गुणवत्ता या चार निकषांवर तुलना करा.
३. "एकमेव असणे हे चित्राचे मोठेपण नाही." या मताच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
४. आपल्या घरातील सर्व भिंतींवरील वस्तूंची यादी करा. प्रत्येक वस्तू कोणी केली, ती घरात कशी आली आणि घरातले कोण तिच्याकडे बघते, हे घरच्यांना विचारून नोंदवा.